जादूगरांना मनोऱ्यात कोंडावं का? ‘ड्रॅगन एज’मधल्या सर्कलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ओरिजिन्स’ (२००९), ‘ड्रॅगन एज २’ (२०११), ‘इन्क्विझिशन’ (२०१४) आणि ‘द व्हेलगार्ड’ (२०२४) या ‘ड्रॅगन एज’ मालिकेतल्या चारही व्हिडिओ गेम्समधली रहस्यं इथे बिनदिक्कत फोडली आहेत. खेळायचं बाकी असेल तर आधी खेळून या. शब्दांबद्दल एकच खुलासा: खेळात ‘मेज’ म्हणतात, पण मराठीत तसं लिहिलं की डोळ्यांपुढे टेबल येतं, म्हणून इथे सगळीकडे ‘जादूगर’.

सर्कल म्हणजे नेमकं काय? शाळा, मठ की तुरुंग?

तिन्ही, आणि तेही एकाच इमारतीत, जादूगरांना ठेवतात त्या मनोऱ्यात. वाद कायम भरकटतो तो याच कारणाने. एक जण शाळेची बाजू घेतो, दुसरा तुरुंगावर तुटून पडतो आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटत राहतं.

थेडसच्या, म्हणजे खेळातल्या जगाच्या, दक्षिण भागात चँट्री या धर्मसंस्थेचा शब्द चालतो. लहानपणी किंवा वयात येताना मुलात जादू दिसली की टेम्प्लर, म्हणजे चँट्रीचे सैनिक, येऊन त्याला घेऊन जातात. त्याचं रक्त काढून कुपीत भरतात. ही फिलॅक्टरी. मूल पुढे कधी पळालं तर याच रक्तावरून माग काढतात. मग वर्षानुवर्षं शिक्षण आणि शेवटी हॅरोइंग नावाची परीक्षा. उत्तीर्ण झालेल्याची कुपी मनोऱ्यातून हलवतात. फेरेल्डन या राज्यात ती राजधानी डेनेरिमला जाते. परीक्षा द्यायची नसेल किंवा मूल त्या लायकीचं नाही असं वरिष्ठांना वाटलं, तर ट्रँक्विल करण्याचा, म्हणजे जादू आणि भावना काढून घेण्याचा विधी. आणि सगळा मनोराच हाताबाहेर गेला असं ठरलं तर राइट ऑफ ॲनलमेंट, म्हणजे आतल्या झाडून सगळ्या जादूगरांची कत्तल.

जादूगराला पदवी किंवा जमीन वारशाने मिळत नाही. लग्न आणि मुलं यांवरही चँट्रीचा ताबा. मूल झालंच तर ते चँट्रीकडे जातं.

ही पद्धत सुरू कशी झाली?

करार नेव्हाराचा, साल १:२०. (थेडसमधलं साल ‘युग:वर्ष’ असं लिहितात. ९:४१ म्हणजे नवव्या युगाचं एकेचाळिसावं वर्ष. युग शंभर वर्षांचं.) पण खेळातल्या नोंदींमध्ये याहून मजेदार हकीकत आहे. सुरुवातीला जादूगरांना चँट्रीच्या मंदिरात दिवे पेटते ठेवण्याचं आणि तुळयांवरची धूळ झटकण्याचं काम होतं, बाकी जादूला बंदी. कंटाळून त्यांनी ज्योती विझवल्या आणि वरच्या सज्जात स्वतःला कोंडून घेतलं. २१ दिवस दिवे बंद. डिव्हाइन, म्हणजे चँट्रीची प्रमुख, ॲम्ब्रोसिया दुसरी इतकी भडकली की स्वतःच्याच मंदिरावर धर्मयुद्ध पुकारायला निघाली. तिच्या टेम्प्लरांनीच तिला आवरलं. बोलणी म्हणे सज्जातून खाली ओरडून चालली होती. शेवटी जादूगर राजधानीबाहेरच्या एका दूरच्या किल्ल्यात राहायला गेले, तेही खुशीने.

म्हणजे पहिला मनोरा हा एका संपाचा तोडगा होता. वाद घालताना हे कुणीच आठवत नाही.

जादू खरंच इतकी धोकादायक आहे का, की हा नुसता बागुलबुवा?

खरंच आहे. ‘जादूगर म्हणजे बिचारे शोषित’ एवढ्यावर थांबणाऱ्यांनी हे आधी पचवायला हवं.

झोपेत सगळेच फेडमध्ये, म्हणजे स्वप्नांच्या आणि पिशाच्चांच्या जगात जातात (बुटके सोडून; त्यांना स्वप्नंच पडत नाहीत). पण जादूगर तिथे भानावर असतो आणि तिथल्या पिशाच्चांना तो अंधारातल्या दिव्यासारखा दिसतो. त्यांना आपल्या जगात यायचं असतं आणि जादूगर हा त्यांचा दरवाजा. भीतीपोटी, रागापोटी किंवा निव्वळ मायेपोटी सौदा झाला की माणसाचं ॲबॉमिनेशन, म्हणजे पिशाच्च शिरलेला राक्षस होतो. त्यासाठी दुष्ट असावं लागत नाही. रेडक्लिफ गावचा कॉनर हे लहान पोर; बापाचा जीव वाचावा म्हणून त्याने सौदा केला आणि अख्ख्या गावावर रात्री प्रेतं चालून येऊ लागली.

शिवाय ब्लड मॅजिक, म्हणजे रक्ताच्या जोरावर केलेली जादू, आहेच. त्यात दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवता येतो. ‘त्यांच्याकडे तलवार, यांच्याकडे जादू, फरक काय’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, कारण तलवार आपल्या मालकाला झोपेत गिळत नाही.

मग कोंडणं योग्यच नाही का?

नाही. धोका खरा असला म्हणून त्यावरचा इलाज आपोआप खरा ठरत नाही. कॉनरची गोष्ट पुन्हा नीट बघा.

त्याची आई इझोल्ड. मुलात जादू आहे हे तिला कळलं. मनोऱ्याला कळवलं तर मूल कायमचं जाणार, म्हणून तिने नवऱ्यापासूनसुद्धा लपवलं आणि जोवान नावाच्या पळालेल्या शिकाऊ जादूगराला गुपचूप शिकवणीला ठेवलं. जोवान स्वतः का पळालेला? आपल्याला ट्रँक्विल करणार हे समजलं म्हणून. सत्ता बळकावलेल्या लॉगेन या सेनापतीच्या सांगण्यावरून त्यानेच अर्लवर, म्हणजे इझोल्डच्या नवऱ्यावर, विषप्रयोग केला. बाप मरणाच्या दारात, पोराला पिशाच्चाशी कसं बोलावं हे कुणी धड शिकवलेलं नाही, पुढचं तुम्हाला माहीत आहे. या साखळीची प्रत्येक कडी मनोऱ्याच्या भीतीची आहे.

आता दुसरं टोक. कर्कवॉल शहराची नाइट-कमांडर, म्हणजे तिथल्या टेम्प्लरांची प्रमुख, मेरेडिथ, कडक शिस्तीची, जादूगरांचा काळ. तिच्या बहिणीत, अमेलियात, जादू होती. पोर नाजूक, परीक्षेत टिकणार नाही म्हणून घरच्यांनी लपवली. तिचं ॲबॉमिनेशन झालं. आई गेली आणि टेम्प्लरांनी तिला मारेपर्यंत सत्तर माणसं गेली. मेरेडिथ यातून धडा घेते: ‘लपवू देऊ नका, कोंडा.’ पण घरच्यांनी लपवलं होतं ते कोंडतात म्हणूनच. एकाच घटनेतून दोन उलटे निष्कर्ष निघतात आणि आमच्या मते मेरेडिथचा चुकला आहे.

थोडक्यात आमची बाजू अशी: शिकवणं हवंच, आणि तेही सक्तीने. नोंद ठेवायलाही हरकत नाही. भिंती, आईबापांपासून कायमची ताटातूट आणि जिच्यावर अपील नाही अशी शिक्षा, या तीन गोष्टींनी धोका कमी होत नाही; मुलं फक्त दडवली जातात.

हॅरोइंगमध्ये नेमकं काय होतं? परीक्षाच आहे, त्यात एवढं काय?

‘ओरिजिन्स’मध्ये जादूगराची सुरुवात निवडलीत तर स्वतःच देऊन बघता येईल. रात्री झोपेतून उठवतात, मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या दालनात नेतात. आधी सूचना नाही, अभ्यासक्रम नाही, उत्तीर्ण झालेल्यांना बाहेर बोलायची परवानगी नाही. लिरियम या जादुई खनिजाला हात लावला की तुम्ही फेडमध्ये एकटे. खाली तुमच्या देहाभोवती टेम्प्लर उभे. उशीर लागला तरी मारतात, पिशाच्च शिरलं तरी मारतात.

आत एक उंदीर भेटतो. स्वतःही असाच अर्धवट राहिलेला शिकाऊ जादूगर असल्याचं सांगतो, वाट दाखवतो, मदत करतो. समोर क्रोधाचं पिशाच्च उभं केलंय, ते मारलं की संपलं असं वाटतं. मग उंदीर हळूच म्हणतो की मला फक्त आत येऊ दे. खरी परीक्षा ती. आगीच्या गोळ्याला नाही म्हणणं सोपं असतं, उपकारकर्त्याला नाही म्हणणं अवघड. परीक्षा म्हणून ही योजना हुशार आहे, यात वाद नाही. गफलत आहे ती न सांगता घेण्यात. सकाळी कॉरिडॉरमध्ये कलेन नावाचा कोवळा टेम्प्लर अडखळत बोलतो. तुमचं काही बिनसलं असतं तर घाव घालायचं काम त्याच्याकडे होतं.

ट्रँक्विल होणं हा फाशीपेक्षा बरा पर्याय नाही का?

कपाळावर लिरियमचा डाग देतात आणि फेडशी नातं तोडतात. स्वप्नं जातात, पिशाच्चांचा धोका जातो, जादू जाते, आणि भावनाही जातात. बुद्धी शाबूत राहते. शस्त्रांवर रून कोरण्याचं काम हेच लोक करतात, म्हणजे मनोऱ्याची कमाई बऱ्याच अंशी यांच्या हातावर चालते. दुकान चालवायला कधीही न रागावणारा, पगार न मागणारा माणूस मिळणं किती सोयीचं, हे वेगळं सांगायला नको.

‘ओरिजिन्स’मध्ये मनोऱ्यात हाहाकार उडालेला असतो तेव्हा ओवेन नावाचा ट्रँक्विल कोठाराजवळ सापडतो. तो आवराआवर करत होता. भोवती प्रेतं पडली आहेत आणि हा सामान जागेवर लावतोय. या विधीवर लिहिलेल्या सगळ्या पानांपेक्षा हे एक दृश्य पुरेसं आहे.

नियमाप्रमाणे हॅरोइंग उत्तीर्ण झालेल्याला ट्रँक्विल करता येत नाही. कर्कवॉलमध्ये केलं गेलं. ‘ड्रॅगन एज २’ मध्ये तुमच्या सोबत असणाऱ्या अँडर्स या पळालेल्या जादूगराचा मित्र कार्ल हे त्याचं उदाहरण. तिथलाच मॅडॉक्स प्रेयसीला चिठ्ठ्या पाठवायचा, पोचवायचा सॅमसन हा टेम्प्लर. टेम्प्लरला बिघडवल्याच्या आरोपावरून मॅडॉक्सच्या कपाळी डाग बसला आणि सॅमसनला हाकलून दिलं. प्रेमपत्रापायी!

आणि हा विधी कायमचा आहे असं सगळ्यांना सांगितलं जायचं, ते खोटं. फेडमधल्या सत्त्वाचा स्पर्श झाला की माणूस परत येतो. ‘इन्क्विझिशन’मध्ये कॅसँड्राच्या हाती तिच्याच पंथाचं पुस्तक लागतं आणि कळतं की या सीकर पंथाला, म्हणजे टेम्प्लरांवर नजर ठेवणाऱ्यांना, हे पूर्वीपासून ठाऊक होतं. कोंडण्याचं समर्थन करणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न हाच असतो: ज्यांच्या हाती किल्ल्या दिल्यात त्यांनी हे लपवलं, त्याचं काय?

टेम्प्लर तरी काय करणार? ते आपलं कामच करतात ना?

बरेच जण प्रामाणिक आहेत, फेरेल्डनच्या मनोऱ्यातल्या टेम्प्लरांचा प्रमुख ग्रेगॉयर याच्यासारखे. पण त्यांना जादू मोडण्याची ताकद देणारं लिरियम व्यसन लावतं, पुढे स्मृती जाते, माणूस भ्रमिष्ट होतो. आणि लिरियमचा पुरवठा चँट्रीच्या हातात. म्हणजे पहारेकरीही साखळीनेच बांधलेला, फक्त त्याची साखळी बाटलीत येते. ‘इन्क्विझिशन’मधला कलेन लिरियम सोडतो तेव्हा त्याची काय दशा होते ते बघा, त्याने पुन्हा घ्यावं की नाही यात तुमचा सल्ला विचारला जातो.

कुंपणच शेत खातं तेव्हा दाद मागायला जागा नसते, हा सर्कलचा सर्वांत मोठा दोष. कर्कवॉलमध्ये सर आल्रिकने सगळ्याच जादूगरांना ट्रँक्विल करण्याचा प्रस्ताव मांडला. वरून तो फेटाळला गेला. तरी तो खालच्या खाली आपलं काम करतच राहिला.

राइट ऑफ ॲनलमेंट किती वेळा वापरलं गेलं?

२:८३ मध्ये डिव्हाइन गॅलेशियाने हा अधिकार दिला. ‘ओरिजिन्स’मधल्या नोंदीनुसार ७०० वर्षांत १७ वेळा, म्हणजे सरासरी चाळीस-एकेचाळीस वर्षांतून एकदा अख्खा मनोरा साफ. जी व्यवस्था सुरक्षिततेसाठी उभारली ती दर दोन पिढ्यांमागे कुठेतरी पूर्ण कोसळते, असा हा हिशेब आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते वेगळंच.

कर्कवॉलमध्ये तर चोर सोडून संन्याशाला फाशी. ९:३७ मध्ये चँट्रीचं मंदिर उडवलं अँडर्सने, जो तिथल्या सर्कलचा सभासदही नव्हता. तो तुमच्यासमोर बसलेला आहे, कबुली देतोय. आणि मेरेडिथ आदेश काढते सर्कलमधल्या सगळ्यांना मारण्याचा.

सर्कल नसलेले समाज कसे जगतात?

उत्तरेकडच्या टेव्हिंटर साम्राज्यात जादूगरच राज्य करतात. तिथे सर्कल म्हणजे प्रतिष्ठेचं विद्यालय. गुलामगिरी आणि चोरून चालणारं ब्लड मॅजिकही सोबत. ‘मोकळं सोडलं तर असं होईल’ म्हणून हेच उदाहरण देतात, आणि ते पोकळ नाही. कुनारी लोक याच्या उलट: त्यांचा सारेबास, म्हणजे जादूगर, साखळदंडात, कित्येकदा ओठ शिवलेले.

पण खरा अभ्यास करायचा तर अव्हार टोळ्यांचा करा. ‘इन्क्विझिशन’च्या ‘जॉज ऑफ हाकॉन’ या विस्तारात (२०१५) ते भेटतात. त्यांच्यात मुलाला एक सत्त्वच शिकवतं, चक्क अंगात येऊन, आणि शिक्षण झालं की विधी करून त्याला निरोप द्यायचा. सिग्रिड नावाच्या मुलीला तो निरोप देववत नाही, म्हणून ती वस्तीबाहेर राहते. बिघाड तिथेही होतो, पण कुणाला बिघाड झालाय ते सगळ्या वस्तीला माहीत असतं आणि वाट परत यायला मोकळी असते. रिव्हेनमध्ये द्रष्ट्या बायकांची अशीच जुनी परंपरा. डेअर्समुडचं सर्कल जादूगरांना घरच्यांना भेटू देतं आणि मुलींना या परंपरेत शिकवतं हे उघड झालं, तेव्हा ॲनलमेंट वापरून ते संपवण्यात आलं.

डेलिश एल्फांचं कौतुक जरा जपून करा. त्यांचा कीपर, म्हणजे टोळीचा प्रमुख, जादूगर असतो हे खरं, पण एका टोळीत जास्त जादूगर झाले की लहान मुलांनाही बाहेर काढल्याच्या हकिकती ‘इन्क्विझिशन’मध्ये आहेत.

याची तुलना आपल्याकडच्या गुन्हेगार जमाती कायद्याशी करतात. ती बरोबर आहे का?

अर्धी. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या; १९११ च्या कायद्याने तो अंमल देशभर पसरायला वाट झाली. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती आणि त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. हजेरी, बोटांचे ठसे, बाहेर जायला परवाना, मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याची तरतूद. ठशांच्या जागी रक्ताची कुपी घाला, सर्कल तयार. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि विमुक्त हे नाव आलं, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्याच्या रूपाने पोलिसांची नजर राहिलीच.

यंत्रणा जुळते, पाया जुळत नाही. त्या जमातींबद्दलचा समज मुळातच खोटा होता. जादूगरांचा धोका खरा आहे. ही तुलना सरसकट वापरली तर नकळत त्या खोट्या समजाला वजन मिळतं, म्हणून जपून.

कुष्ठरोगाचं उदाहरण जास्त जवळचं. आजार खरा, लागण खरी (समजली जायची तेवढी नव्हे), १८९८ चा कायदा रुग्णांना डांबायची मुभा देणारा, मुंबईत वडाळ्याचं ॲकवर्थ १८९० पासूनचं. डांबतील या भीतीने लोक चट्टे लपवत आणि उपचाराला उशीर होई. औषधं आली, कोंडण्याला अर्थ उरला नाही, तरी कायदा कागदावर २०१६ पर्यंत होता. इझोल्डने मूल लपवलं ते अशाच भीतीने.

‘ड्रॅगन एज २’ मध्ये जवळजवळ प्रत्येक जादूगर शेवटी ब्लड मॅजिक करतो. मग टेम्प्लरच बरोबर ठरत नाहीत का?

ही तक्रार रास्त आहे. लेखकांनी तराजू समान ठेवायच्या नादात दोन्ही पारड्यांत दगड टाकले. कर्कवॉलच्या जादूगरांचा प्रमुख ओर्सिनो तर तुम्ही त्याची बाजू घेतलीत तरी प्रेतांचा राक्षस होऊन तुमच्यावरच चालून येतो. कथेपेक्षा एक मोठी लढाई हवी होती, असंच वाटतं.

तरी ‘ऑन द लूज’ हे काम नीट करा. पळालेले तिघं शोधायचे असतात. हुऑन ब्लड मॅजिकने बायकोला मारतो. एव्हलिना अनाथ पोरांसाठी पळालेली, पण तिचं ॲबॉमिनेशन होतं. तिसरा एमिल. आपण ब्लड मॅजिक करतो ही अफवा त्याने स्वतःच उठवलेली, पोरींवर छाप पाडायला! त्याला हवं काय, तर दारू आणि थोडा सहवास. टेम्प्लरांच्या यादीत तिघांची नोंद सारखीच.

आपण भर रस्त्यात टेम्प्लरांसमोर आगीचे गोळे फेकतो, तरी पकडत का नाहीत?

खेळाची सोय. यावरून जगाच्या नियमांबद्दल निष्कर्ष काढू नका.

दोन्ही बाजू नीट दिसाव्यात म्हणून कोणत्या क्रमाने खेळावं?

‘ओरिजिन्स’ जादूगर म्हणून सुरू करा. मग आधी मनोरा, नंतर रेडक्लिफ. मनोऱ्यात नायल या जादूगराच्या प्रेताजवळचं ‘लिटनी ऑफ अड्राला’ हे मंत्रांचं लिखाण उचलायला विसरू नका. बंडखोर जादूगर उल्ड्रेडशी लढताना तो बांधलेल्या जादूगरांवर मंत्र टाकू लागला की लगेच ते वापरा. चुकलात तर ते एकेक करून उलटतात.

जादूगरांची बाजू घेऊन मनोरा वाचवला असेल तर कॉनरसाठी तिसरा मार्ग उघडतो: सर्कलची मदत आणि लिरियम घेऊन फेडमध्ये शिरायचं. कॉनरही वाचतो, आईही. मनोरा साफ केला असेल तर हा मार्ग बंद; मग मुलाला मारा किंवा जोवानच्या हातून आईचा बळी द्या. रेडक्लिफला आधी गेलात तरी चालेल, फक्त रात्रीचा हल्ला परतवल्याशिवाय गाव सोडू नका. परत याल तेव्हा गाव नसेल. किल्ल्यातून मात्र मनोऱ्याकडे निवांत जाता येतं, तेवढ्या वेळात कॉनर काही करत नाही.

‘ड्रॅगन एज २’ मध्ये तुमचं पात्र, म्हणजे हॉक, योद्धा किंवा ‘रोग’ (इंग्रजी rogue, लपूनछपून लढणारा) घ्या, म्हणजे जादूगर बहीण बेथनी जगते. डीप रोड्स या भुयारांच्या मोहिमेवर जाताना तिला घरी ठेवलंत तर टेम्प्लर नेतात. सोबत नेलंत आणि अँडर्स बरोबर असेल तर ती ग्रे वॉर्डन या योद्ध्यांच्या पंथात जाते. अँडर्स नसेल तर मरते. वडील माल्कम यांनी तिला घरीच शिकवलेलं, आणि पुऱ्या खेळात तिचा पाय एकदाही घसरत नाही. घरच्या शिकवणीचा एवढा चांगला पुरावा मालिकेत दुसरा नाही.

‘इन्क्विझिशन’मध्ये जादूगर आणि टेम्प्लर यांच्यापैकी एकाकडेच जाता येतं, म्हणून वेगळी सेव्ह ठेवा.

शेवटी सर्कल राहतं की जातं?

डिव्हाइन कोण होते त्यावर. लेलियाना सर्कल मोडते. व्हिव्हिएन पुन्हा उभारते. कॅसँड्रा परत आणते, पण जादूगरांना जास्त मोकळीक देऊन. व्हिव्हिएनची बाजू ऐकताना चिडू नका. ती स्वतः जादूगर आहे आणि मनोऱ्याबाहेरचा जमाव काय करतो हे तिला टेम्प्लरांपेक्षा चांगलं कळतं.

‘द व्हेलगार्ड’ उत्तरेत, टेव्हिंटरच्या बाजूला घडतो. जुन्या खेळांतले फक्त तीन निर्णय तो विचारात घेतो आणि डिव्हाइन कोण हा त्यात नाही.